पाणी मारुतीच्या कमरेला लागलं की… : सी भाषेतले इफ आणि लूप

ऑगस्टमध्ये माझ्या क्लासची मुलं उशिरा येतात आणि कारण ठरलेलं असतं: येताना घाटावर डोकावून आलो, काकू. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं नाशिक एकमेकांना एकच प्रश्न विचारतं, "मारुती कुठपर्यंत बुडाला?" क्युसेकचा आकडा पेपरात येतो, पण त्यानं डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. गोदावरीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं म्हटलं की कळतं. गुडघा, कंबर, छाती, गळा. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर गावातल्या लहान पोरांनाही ही मोजपट्टी तोंडपाठ झाली होती.

मी पंचवटीत राहते. काळाराम मंदिरापासून पाच मिनिटांवर आमचं जुनं घर आहे, त्याच्या वरच्या खोलीत डिप्लोमा आणि बीसीएसच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना सी शिकवते. त्याआधी बरीच वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात पगारपत्रकं केली. इतक्या मुलांच्या वह्या तपासून एक गोष्ट लक्षात आली. जर-तर आणि जोपर्यंत-तोपर्यंत कुणालाच नवीन नसतं, ते आपण जन्मापासून बोलतो. मुलं अडतात ती मोजक्या जागी, जिथं मराठी एक सांगते आणि सी भलतंच ऐकते. त्या जागाच इथं दाखवणार आहे.

आधी वाचायची रीत सांगते. फळ्यावर मी बोलते तसंच लिहिते: इफ, एल्स, फॉर, व्हाइल. की-बोर्डवर हे सगळं इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायचं. व्हाइल म्हणजे डब्ल्यू, एच, आय, एल, ई. व्हेरिएबलची (किंमत ठेवायच्या डब्यांची) नावं आणि अंकही इंग्रजीच. कंस, सेमीकोलन, बरोबरची चिन्हं मात्र दिसतात तशीच. जीसीसी हा कंपायलर (प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा) वापरत असाल तर कंपाइल करताना वजा चिन्ह, मोठा डब्ल्यू, मग ए-एल-एल हा पर्याय जोडा. शिवाय वजा, मोठा डब्ल्यू, ई-एक्स-टी-आर-ए हाही जोडा. कंपायलर मग वॉर्निंग देऊ लागतो. मुलं ती वाचत नाहीत, "एरर तर नाही ना काकू" म्हणतात. पुढच्या निम्म्या चुका त्या दोन पर्यायांनी पकडल्या जातात.

इफचा साचा असा (प्रिंटएफ म्हणजे पडद्यावर छाप):

    इफ (पाणी >= ५)
    {
        प्रिंटएफ("कमरेला लागलं");
    }

गोल कंसातलं वाक्य खरं ठरलं तर महिरपी कंसातलं काम होतं, नाहीतर गाडी पुढे. सीचं खरं-खोटं फार साधं आहे: शून्य म्हणजे खोटं, शून्य सोडून काहीही खरं. उणे सातसुद्धा खरं. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्समध्ये ही भाषा घडवली तेव्हा खरं-खोटं यासाठी वेगळा प्रकारच नव्हता. तो सीच्या १९९९ च्या प्रमाणकात (स्टँडर्डमध्ये) आला. म्हणून इफ (पाणी = ५) असं एकाच बरोबरच्या चिन्हानं लिहिलं तरी सी तक्रार करत नाही. ती पाणीमध्ये ५ भरते, मग बघते की ५ म्हणजे शून्य नाही, म्हणजे खरं. धरण कोरडं ठणठणीत असलं तरी तुमचा प्रोग्राम पूर जाहीर करणार. तुलना करायची तर दोन चिन्हं, ==. एक चिन्ह म्हणजे "भर", दोन म्हणजे "आहे का?". वहीत लिहितानाही मोठ्यानं म्हणा.

दुसरी चूक सेमीकोलनची, आणि ती मी स्वतः केलेली आहे. कारखान्यात असताना ओव्हरटाइमचा छोटा प्रोग्राम सीमध्ये लिहिला. कायद्यानं आठवड्याचे ४८ तास, त्यावरच्या तासांना दुप्पट दर. मी लिहिलं होतं:

    इफ (तास > ४८);
        जादा = (तास - ४८) * दर * २;

पहिल्या ओळीच्या शेवटचा तो सेमीकोलन बघा. त्यानं इफ तिथंच संपवला. "तास ४८ हून जास्त असतील तर… काही करू नकोस." खालची ओळ मग सगळ्यांसाठीच चालली. ज्यांनी ५२ तास भरले त्यांचा हिशेब बरोबर आला, म्हणून मी तपासलेल्या चारही पत्रकांत काही दिसलं नाही. पण एकजण आठवड्यात एक दिवस रजेवर होता, ४२ तास. दर २० रुपये. उणे ६ गुणिले २० गुणिले २: त्याच्या पगारातून २४० रुपये ओव्हरटाइमच्या नावाखाली कापले गेले. तो पत्रक घेऊन माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "मॅडम, मी न केलेल्या ओव्हरटाइमचे पैसे कापलेत." त्या दिवसापासून मी कुठलाही इफ तीन आकड्यांनी तपासते: अटीच्या अलीकडचा, बरोबर अटीवरचा, पलीकडचा. ४७, ४८, ४९. तुम्हीही हेच करा, बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल.

आता मारुतीकडे. एकाहून जास्त पर्याय असले की एल्स इफची शिडी लागते. खालचे फुटांचे आकडे सरावापुरते मी ठरवलेले आहेत, कुणी घाटावर टेप घेऊन जाऊ नका.

    इफ (पाणी >= ११)
        प्रिंटएफ("पूर्ण बुडाला");
    एल्स इफ (पाणी >= ९)
        प्रिंटएफ("गळ्यापर्यंत");
    एल्स इफ (पाणी >= ७)
        प्रिंटएफ("छातीपर्यंत");
    एल्स इफ (पाणी >= ५)
        प्रिंटएफ("कमरेपर्यंत");
    एल्स इफ (पाणी >= ३)
        प्रिंटएफ("गुडघ्यापर्यंत");
    एल्स
        प्रिंटएफ("पाय भिजले असतील फार तर");

मुलं हमखास ही शिडी खालून लिहितात, कारण पाणी खालून चढतं. पहिली पायरी पाणी >= ३ अशी. मग पाणी १२ फुटांवर गेलं तरी पहिलीच अट खरी ठरते आणि प्रोग्राम शांतपणे सांगतो, "गुडघ्यापर्यंत". शिडीत पहिली खरी पायरी सापडली की बाकीच्या बघितल्याच जात नाहीत. >= वापरत असाल तर सगळ्यात मोठा आकडा आधी. खालून वर जायचंच असेल तर < वापरा: पाणी < ३, मग पाणी < ५, असं.

इथं महिरपी कंस मी दिले नाहीत, कारण प्रत्येक पायरीवर एकच ओळ आहे. परीक्षेत मात्र द्या. इफच्या पोटात इफ असला आणि कंस नसले तर एल्स सगळ्यात जवळच्या इफला चिकटतो. तुम्ही समास कुठूनही सोडा, सी समास बघत नाही. आपण बघतो आणि फसतो.

मराठी पहिल्यांदा दगा देते ती "आणि"पाशी. माझ्या क्लासला बुधवारी आणि रविवारी सुट्टी. बुधवारी घाटावर बाजार भरतो, मुलांना गाडी लावायला बोटभर जागा मिळत नाही. हे वाक्य मुलं जसंच्या तसं उतरवतात (वार ३ म्हणजे बुधवार, ० म्हणजे रविवार):

    इफ (वार == ३ && वार == ०)

&& म्हणजे दोन्ही अटी एकाच वेळी खऱ्या. एकच दिवस बुधवारही आणि रविवारही? पंचांगात असा दिवस नाही, म्हणजे सुट्टी कधीच नाही. आपण "आणि" म्हणतो तेव्हा यादी सांगत असतो; सीला इथं "किंवा" हवा, म्हणजे || ही जोडी. गंमत पुढे आहे. "बुधवार किंवा रविवार नसेल तर क्लास आहे" हे वाक्य आता मुलं घाबरून || नं लिहितात:

    इफ (वार != ३ || वार != ०)

बुधवारी हे काय म्हणेल? वार ३ आहे, पहिली अट खोटी. पण वार शून्य नाही, दुसरी खरी. झालं, क्लास आहे. रविवारी पहिली खरी. म्हणजे सातही दिवस क्लास! इथं && हवं. नकार आत शिरला की आणि-किंवा जागा बदलतात. पाठ करू नका, कागदावर सात वार मांडून एकेकाला विचारा. पाच मिनिटं जातात, पण मग जन्मात चुकत नाही.

दुसरा दगा "ते"चा. माझा मामेभाऊ दिंडोरीकडे द्राक्षं करतो. मण्याची जाडी मिलिमीटरमध्ये मोजतात, "सोळा ते अठरा" असं बोलतात. लगेच वहीत येतं:

    इफ (१६ < मणी < १८)

गणिताच्या वहीत हे बरोबर आहे. सी डावीकडून वाचते: १६ < मणी याचं उत्तर १ किंवा ०. मग ते १ किंवा ० अठराहून लहान आहे का? नेहमीच आहे. वाटाण्याएवढा मणीही पास आणि लिंबाएवढाही पास. मणी > १६ && मणी < १८ असं दोन तुकड्यांत लिहायचं. आणि मामेभावाला आधी विचारायचं, बरोबर १६ चा मणी चालतो का? चालत असेल तर >=. "ते" म्हणताना आपण टोकं धरली की सोडली, हे बोलणाऱ्यालाच माहीत असतं.

स्विचबद्दल थोडक्यात. एकाच पूर्णांकाची किंवा अक्षराची ठरावीक किमतींशी गाठ घालायची असेल, जसं वार क्रमांक १ ला सोमवार, २ ला मंगळवार, तर स्विच नीट दिसतो. प्रत्येक केसच्या शेवटी ब्रेक लिहा. विसरलात तर मंगळवारनंतर बुधवार, गुरुवार सगळे छापत गाडी तळापर्यंत जाते. मारुतीच्या शिडीला स्विच चालत नाही, तिथं टप्पे आहेत, एकेक किंमत नाही.

आता लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा. तिसरा दगा इथं बसलाय आणि तो सगळ्यात मोठा.

मराठीत आपण काम कधी थांबवायचं ते सांगतो. "पाणी ओसरेपर्यंत दुकान उघडू नकोस." "पाव संपेपर्यंत रस्सा वाढ." व्हाइलला मात्र काम कधी चालू ठेवायचं ते सांगावं लागतं. म्हणजे बरोबर उलटं. "पाव संपेपर्यंत" याचं मूल उतरवतं व्हाइल (पाव == ०), आणि लूप एकदाही फिरत नाही, कारण सुरुवातीला पाव चार आहेत, अट पहिल्याच फटक्यात खोटी. "-पर्यंत" ऐकलं की थांबा आणि वाक्य फिरवा: पाव आहेत तोवर वाढ.

    पाव = ४;
    व्हाइल (पाव > ०)
    {
        प्रिंटएफ("रस्सा\n");
        पाव = पाव - १;
    }

(उलट्या स्लॅशनंतरचं, म्हणजे बॅकस्लॅशनंतरचं ते अक्षर म्हणजे इंग्रजी लहान एन, नवी ओळ.) यातली शेवटची ओळ विसरलात तर पाव चारचे चारच राहतात आणि मिसळवाला रात्रभर रस्सा वाढत बसतो. पडदा असा धावत सुटला की कंट्रोल दाबून सी. टर्बो सी या जुन्या कंपायलरच्या निळ्या पडद्यावर कंट्रोल आणि ब्रेक.

मिसळीवरूनच डू-व्हाइल सांगते. नाशिकच्या चांगल्या मिसळवाल्याकडे पहिला रस्सा न विचारता ताटाबरोबर येतो. नंतर वाढपी येऊन विचारतो, "अजून?" आधी काम, मग प्रश्न. व्हाइलमध्ये आधी प्रश्न, मग काम. एवढाच फरक. मेनू दाखवून "पुन्हा करायचं का?" विचारणारे प्रोग्राम डू-व्हाइलनं लिहा, आणि त्यात शेवटच्या कंसानंतर सेमीकोलन लागतो, इफनंतर लागत नाही तो.

फॉर म्हणजे व्हाइलचीच तिन्ही कामं एका ओळीत: सुरुवात, अट, पाऊल. सिंहस्थ दर बारा वर्षांनी (%डी म्हणजे टक्क्याचं चिन्ह आणि इंग्रजी लहान डी, तिथं पूर्णांक छापला जातो):

    फॉर (साल = २००३; साल <= २०२७; साल = साल + १२)
        प्रिंटएफ("%डी\n", साल);

२००३, २०१५, २०२७. किती वेळा फिरला? तीन. लूप संपल्यावर सालमध्ये काय आहे? २०२७ म्हणालात ना? २०३९ आहे. पाऊल आधी पडतं, मग अट तपासली जाते, अट मोडली की बाहेर. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हटकून येतो. म्हणून ड्राय रन करा: कागदावर तीन रकाने, साल, अट खरी की खोटी, काय छापलं. शेवटची ओळ "२०३९, खोटी, काही नाही" अशी आली पाहिजे. ही ओळ ज्यांच्या तक्त्यात नसते, त्यांना लूप कळलेला नसतो.

< आणि <= यांतला फरक मी मामेभावाच्या बागेतच समजावते. मांडवासाठी १५० फुटांच्या ओळीत दर १५ फुटांवर अँगल (लोखंडी खांब) रोवायचा. किती अँगल? पोरं भागाकार करून दहा म्हणतात. शेवटी तार ताणायला अँगलच नाही! अंतरं दहा, अँगल अकरा, कारण शून्य फुटावरही एक आहे.

    फॉर (फूट = ०; फूट <= १५०; फूट = फूट + १५)

<= आहे म्हणून अकरा. < केलंत तर दहा आणि तार लोंबकळणार. उलट अ‍ॅरेत, म्हणजे एका नावाच्या ओळीनं मांडलेल्या घरांत, दहा घरं असतील तर ती ० ते ९, तिथं < १० च हवं; <= लिहिलंत तर अकराव्या, नसलेल्या घरात हात जातो आणि सी तुम्हाला अडवत नाही. अँगल मोजताय की अंतर, हे आधी ठरवा.

लूपमध्ये दशांश अपूर्णांक घेऊन == किंवा != लावू नका. शून्यापासून ०.१ नं पुढे जात "१ होत नाही तोवर" असा लूप लिहिला तर तो १ वर थांबत नाही, कारण ०.१ दोनच्या पायात नेमका मांडता येत नाही आणि दहा वेळा मिळवून बरोबर १ होत नाही. मोजायला पूर्णांक घ्या, दहानं भागायचं ते छापताना. भागतानाही १०.० नं, नाहीतर पूर्णांकाला पूर्णांकानं भागून अपूर्णांक उडतो. याच कारणानं ४३७ / ६०० * १०० चं उत्तर शून्य येतं आणि टक्केवारीच्या प्रोग्राममध्ये अख्खा वर्ग नापास होतो. टर्बो सीवाल्यांसाठी आणखी एक: तिथं इंट (पूर्णांकाचा प्रकार) ३२७६७ च्या पुढे जात नाही. आय नावाचा मोजणारा व्हेरिएबल ४०००० पर्यंत पळवलात तर तो मध्येच उणे होतो आणि लूप कधीच संपत नाही.

लूपच्या आत लूप आला की मुलांचे चेहरे पडतात. प्रॅक्टिकलला ताऱ्यांचा त्रिकोण असतोच (++ म्हणजे एकानं वाढव):

    फॉर (ओळ = १; ओळ <= ५; ओळ++)
    {
        फॉर (तारा = १; तारा <= ओळ; तारा++)
            प्रिंटएफ("*");
        प्रिंटएफ("\n");
    }

बागेत फवारणी कशी करतात ते आठवा. एका ओळीतल्या सगळ्या वेली संपवायच्या, मग पुढच्या ओळीत शिरायचं. बाहेरचा लूप ओळ धरतो, आतला वेली मोजतो, आणि प्रत्येक नव्या ओळीत आतला पुन्हा एकपासून. पहिल्या ओळीत एक तारा, दुसरीत दोन, एकूण पंधरा. नवी ओळ छापणारा प्रिंटएफ आतल्या लूपच्या बाहेर पण बाहेरच्या लूपच्या आत हवा. त्याची जागा हलली की त्रिकोण मोडतो. मुद्दाम हलवून बघा.

ब्रेक लूपमधून बाहेर काढतो, कंटिन्यू फक्त चालू फेरी सोडून पुढच्या फेरीला नेतो. बसमधून उतरणं आणि एक थांबा न घेता पुढे जाणं. पण ब्रेक फक्त आतल्या लूपमधून काढतो, दोन्हींतून नाही.

एक प्रसंग दरवर्षी घडतो. मूल लिहितं: आकडा विचार, चुकीचा असेल तर पुन्हा विचार. शेजारचा आगाऊ मुलगा आकड्याच्या जागी आपलं नाव टाइप करतो, आणि पडद्यावर "पुन्हा द्या, पुन्हा द्या" असा पूर येतो. की-बोर्डवरून वाचणाऱ्या स्कॅनएफला आकडा हवा होता, अक्षर दिसलं, त्यानं ते उचललंच नाही. ते तिथंच पडून राहिलं आणि पुढच्या फेरीत पुन्हा तेच. उपाय: स्कॅनएफ किती गोष्टी वाचल्या ते परत सांगतो, ते तपासा.

    इफ (स्कॅनएफ("%डी", &पाणी) != १)
    {
        प्रिंटएफ("आकडा द्या");
        ब्रेक;
    }

हा तुकडा लूपच्या आत असेल तरच ब्रेकला अर्थ आहे.

पुढच्या तासाला येताना हे करून आणा. दर तासाला पाण्याची पातळी फुटांत विचारायची, उणे १ दिला की थांबायचं. प्रत्येक आकड्याला मारुतीची शिडी चालवायची. शेवटी दोन ओळी छापायच्या: सगळ्यात जास्त पातळी किती होती, आणि पाणी किती तास कमरेच्या वर होतं. एकही आकडा न देता कुणी थेट उणे १ दिला तर प्रोग्राम काय छापेल, हे चालवण्याआधी वहीत लिहून आणा. "कमरेच्या वर" म्हणजे बरोबर ५ धरायचे की नाही, ते मी सांगणार नाही. तुम्ही ठरवा आणि मला कारण सांगा. आणि घाटावर थांबलात तर ओल्या चपला खालच्या पायरीवर काढा, वर लादी घसरते.